कोल्हापुरात बारा वाजतात १२.२६ ला

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी कोल्हापुरात उतरू नये. उतरलात तर महाद्वार रोडच्या आसपास खोली मागू नये, आणि मागितलीतच तर भाडं ऐकून तोंड वाकडं करू नये, कारण मागं उभ्या असलेल्या कुटुंबाला तीच खोली त्याच भावात हवी असते. मला मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, गरम पाणी 'सहा ते सात'. सहाला नळ सोडला तर नुसती हवा आली, पावणेसातला कोमट पाणी आलं आणि सातला बरोब्बर गेलं. जाण्याची वेळ तेवढी काटेकोर पाळतात.

पण बोलावणं शाळेतल्या मुलीचं होतं. मी कराडला भूगोल शिकवायचे तेव्हा ही पोरगी शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर चित्रं काढत असायची. नकाशाला मात्र पैकीच्या पैकी. पुढं ती चित्रकला शिकायला कोल्हापूरला गेली आणि तिथलीच झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये फोन आला. "बाई, या वर्षी संपात आणि घट एकाच दिवशी आल्यात, बावीस सप्टेंबरला. आम्ही पोरंपोरी मिळून प्रदर्शन लावतोय. तुम्ही शिकवल्यालं एक करून दाखवतो. यायलाच लागतंय."

संपात म्हणजे सूर्य बरोबर विषुववृत्तावर येतो तो क्षण; त्या दिवशी दिवस-रात्र समान असतात असं मानतात. आणि 'तुम्ही शिकवलेलं' असं म्हटलं की निवृत्त शिक्षक हलतोच. पुणे ते कोल्हापूर प्रवासाबद्दल एवढंच लिहिते की सातारा सोडल्यावर सहापदरीकरणाचं काम लागलं आणि मग मी महामार्गावरून कमी आणि त्याच्या कडेकडेनं जास्त गेले.

सकाळी तोफेची सलामी झाली, शहरात घट बसले. मी गर्दी टाळत, बोळाबोळांतून विचारत वाड्यावर पोचले. पेठेतला जुना चौसोपी वाडा, मालक बाहेरगावी, मागच्या दोन खोल्यांत एक आजी राहतात. त्यांनी चार दिवसांसाठी पोरांना ओसरी, माडी आणि मधला चौक वापरायला दिला होता. पैसे घेतले नाहीत, पण घट बसायच्या आधी तुळशीजवळ कुणी चपला घालून फिरायचं नाही, ही अट.

आता प्रदर्शनाबद्दल. विषय होता संपात, काळ आणि समतोल. मी कलासमीक्षक नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहिते. निम्मा काळा, निम्मा पांढरा असा कॅनव्हास होता. शेजारी तसाच दुसरा, रंगांची अदलाबदल करून. काटे काढून टाकलेली घड्याळं भिंतभर लावलेली होती. एक तराजू होता, एका पारड्यात नदीतला गोटा आणि दुसऱ्यात मोबाइल. एका पडद्यावर कुणीतरी अत्यंत सावकाश अंडं उभं करत होतं. संपाताच्या दिवशी अंडं आपोआप उभं राहतं, हा समज जगभर पसरलाय. चिकाटी असेल तर ते कुठल्याही दिवशी उभं राहतं, आणि नसेल तर संपातालाही त्याचं ऑम्लेटच होतं. भिंतीवर लावलेल्या मजकुरात 'स्थिरता' आणि 'विराम' हे शब्द इतक्या वेळा होते की मला वर्गात लाल पेन हातात घ्यायची इच्छा झाली.

कारण संपाताला काहीही थांबत नाही. उलट आहे. सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकतो. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस तो जवळजवळ थबकतो, कोल्हापूरसारख्या ठिकाणी आठवडाभरात दिवस मिनिटानंही बदलत नाही. संपाताच्या सुमारास मात्र त्याची उडी सर्वांत मोठी, दिवसाला ०.४ अंश. कोल्हापुरात सप्टेंबरच्या या दिवसांत दिवस रोज जवळपास एका मिनिटानं लहान होत जातो. वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ हा, आणि आमचे कलाकार त्याला डोळे मिटून पद्मासनात बसवतात. बरं, दिवस-रात्र समान म्हणावं तर तेही नाही. त्या दिवशी कोल्हापुरात सूर्य उगवला ६.२२ च्या सुमारास आणि मावळला साडेसहाला मिनिटभर कमी असताना. म्हणजे दिवस बारा तास सात मिनिटांचा. सूर्याची वरची कड दिसली की आपण सूर्योदय म्हणतो आणि वातावरण किरणांना वाकवून तो जरा आधीच दाखवतं, त्यातून ही सात मिनिटं वाढतात. खरा संपात तर रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी होता, प्रदर्शनाला कुलूप लागल्यावर.

हे मी संयोजकांना सांगितलं. लिननचा कुर्ता, गळ्यात रुद्राक्ष, सज्जन माणूस. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे, मॅडम," आणि प्रमुख पाहुण्यांना फोन लावायला गेले.

एक गोष्ट मात्र ओसरीवरच आवडली. एका मुलानं घंगाळात पाणी भरून त्यात घटिकापात्र सोडलं होतं. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाणी हळूहळू आत चढतं, वाटी जड होते, शेवटी कडेवरून पाणी आत येतं आणि ती 'डुबुक्' करून तळाला जाते. ती एक घटका, २४ मिनिटांची. अशा साठ घटकांचा अहोरात्र, म्हणून संपाताला पुस्तकी हिशोबानं तीस दिवसाच्या, तीस रात्रीच्या. मुलगा शेजारी पाटावर बसून प्रत्येक बुडीला कोळशानं भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढत होता. मी घड्याळ लावून बघितलं, तर वाटी एकवीस मिनिटांत बुडाली.

"भोक जरा मोठं पडलं, बाई," तो म्हणाला. "माझा दिवस चौतीस घटकांचा होतोय."

"मग रडतोस कशाला? चार घटका जास्तीच्या मिळाल्या."

तो खूश झाला. त्याच्याकडं कुणी फारसं थांबत नव्हतं, कारण वाटी बुडायला वेळ लागतो आणि लोकांना तेवढ्यात माडीवर जाऊन सेल्फी काढायची असते.

माझ्या विद्यार्थिनीचं काम चौकात होतं. काम म्हणजे काय, तर एक बांबू. पाच फुटांचा, ओळंबा लावून सरळ उभा केलेला, बुंध्याशी दगडांचा आधार. भोवती शेणानं सारवलेली जमीन. ती स्वतः पोत्यावर बसलेली, मांडीवर रांगोळीचा डबा. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर चिमटीनं एक ठिपका द्यायचा, बास. चौकात ऊन साडेदहाच्या सुमारास उतरलं तेव्हा सावलीचं टोक बांबूपासून तीनेक फूट पश्चिमेला होतं. तिथून ठिपके पूर्वेकडं चालले होते.

ओसरीच्या भिंतीवर तिनं आधीच्या महिन्यांचे कागद टांगले होते. गच्चीवर असाच बांबू लावून काढलेले. डिसेंबरचा कागद बघा म्हणाली. त्यात ठिपक्यांची रेघ बांबूपासून दूर, चार फुटांहून जास्त उत्तरेला, दोन्ही टोकं बाहेर पळालेली. जूनच्या कागदावर रेघ चक्क बांबूच्या दक्षिणेला, कारण कोल्हापूर कर्कवृत्ताच्या बरंच खाली, साधारण १६.७ अंशांवर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. जून आणि डिसेंबरच्या दोन रेघा एकमेकींकडं पाठ केलेल्या धनुष्यांसारख्या. आणि संपाताच्या दिवशी रेघ सरळ. जराही वाक नाही. सावली सकाळी लांब असते, दुपारी आखूड होते, पुन्हा लांब होते, पण तिचं टोक पश्चिमेकडून पूर्वेकडं सरळ रेषेत चालत जातं, बांबूच्या उत्तरेला दीड फूट अंतर राखून. हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं काढलं. जमिनीवर उमटताना पहिल्यांदा बघितलं.

तिच्या वहीत दोन छायाचित्रं चिकटवलेली होती. एक नॅन्सी होल्ट या कलावतीच्या 'सन टनेल्स'चं. अमेरिकेत युटाच्या वाळवंटात १९७३ ते १९७६ या काळात उभारलेले चार प्रचंड सिमेंटचे पाइप, जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांना, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी, त्यांतून सूर्य उगवताना, मावळताना दिसतो. दुसरं शिल्पकार रॉबर्ट मॉरिस यांच्या 'ऑब्झर्वेटरी'चं, नेदरलँड्समधलं. मातीचे गोल बांध आणि त्यांत ठेवलेल्या फटी, संपाताचा सूर्य मधल्या फटीत उगवतो. मी म्हटलं, मग तुझी फट कुठाय?

"बाई, तसलं पाइप आपल्याकडं महानगरपालिका ड्रेनेजला आणती. मला परवडत न्हाईत. बांबू साठ रुपयाला आला."

तर, बारा. पत्रिकेत 'बरोबर १२ वाजता मध्यान्ह सोहळा' असं छापलं होतं. पाहुणे आले पावणेबाराला, म्हणजे आपल्याकडच्या मानानं लवकरच. हार झाले, माइक झाला, माइक शिट्टी वाजवू लागला, तो बंद करण्यात पाच मिनिटं गेली. बरोबर बाराला पाहुण्यांनी सावलीच्या टोकावर झेंडूचं फूल ठेवलं, टाळ्या पडल्या, फोटो झाले. पाहुणे समतोलावर बोलले. आयुष्यात काम आणि कुटुंब यांत समतोल हवा असं त्यांचं म्हणणं पडलं. मग सगळे माडीवर साबुदाणा खिचडीसाठी गेले. फोटो काढणाऱ्यांतल्या एकानं तर रांगोळीवर पाय दिला. तिनं काही न बोलता ते तीन ठिपके पुन्हा दिले.

झेंडूचं फूल भलत्याच ठिकाणी होतं, हे चौकात राहिलेल्या आम्हा मूठभर लोकांना दिसत होतं. सावली अजून आखूड होत होती. टोक फुलाला मागं टाकून पुढं निघालं होतं.

बंदोबस्तावरचा एक पोलीस पाणी मागायला आत आला होता. टोपी काखेत घालून तो उभा राहिला. "काय चाललंय हे?"

मला तर कारणच हवं होतं. मी त्याला सांगितलं की आपल्या घड्याळातली वेळ कोल्हापूरची नाहीच. ती ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. कोल्हापूर तिच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य इथं ३३ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यातून सप्टेंबरच्या या दिवसांत सूर्य घड्याळाच्या सात मिनिटं पुढं धावत असतो, ती वजा करा. उरली २६. कोल्हापुरात आज बारा वाजणार ते १२ वाजून २६ मिनिटांनी. मुंबईनं तर आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

त्यानं विचार केला. "मग आमची ड्युटी बी सव्वीस मिनिटं उशिरा लावा म्हणावं सायबांस्नी."

एवढ्यात आजी आतून आल्या. घट बसवून, नैवेद्य दाखवून मोकळ्या झालेल्या. नऊवारी, हात पिठानं माखलेले. त्यांना ते फूल, ती रांगोळी, काही पटलेलं दिसत नव्हतं. "बारा वाजून गेलं म्हनं? कोन म्हनतंय?"

"पाहुणे म्हणाले, आजी."

"पावन्यांस्नी काय ठावं. अजून पागुळीवर कुटं आलीया."

आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. त्या चौकाच्या पूर्वेच्या बाजूकडं बोट करत होत्या. तिकडच्या सोप्याचं छप्पर चौकात जरा पुढं आलेलं, आणि त्याच्या बरोबर खाली, जमिनीला दगडी पट्टी. त्या पट्टीवर खळग्यांची एक रांग होती, हरभऱ्याएवढे, काही सुपारीएवढे. किती पावसाळे कौलांवरून पागोळ्या गळून गळून पडलेले. छपराची सावली सकाळपासून चौकभर पसरलेली असते, ती ऊन चढेल तशी मागं सरत सरत त्या पट्टीजवळ आली होती. खळगे अजून उन्हाबाहेर होते. सावलीची कड त्यांच्यापासून चार बोटं इकडं.

"आमच्या सासूबाईंनी कदी घड्याळ बगितलं न्हाई. सावली पागुळीवर आली की डबा भरायचा. मामंजी गुळाच्या पेठंत. थंडी असू दे, उनाळा असू दे, तीच खूण."

मला पटकन काही बोलता आलं नाही. पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. पाण्याचा थेंब सरळ खाली पडतो. वाडा दिशांना धरून बांधलेला आहे, पूर्वेची वळचण दक्षिणोत्तर जाते. सूर्य बरोबर दक्षिणोत्तर रेषेवर आला की त्या वळचणीची सावली तिच्या सरळ खाली, म्हणजे जिथं पागोळ्या पडतात तिथंच पडणार. डिसेंबर असो की मार्च. सूर्य खाली असेल तर सावली लांबेल, पण उत्तरेकडं लांबेल, पूर्व-पश्चिम सरकणार नाही. पावसानं दगडात मध्यान्हरेषा कोरून ठेवलेली होती, आणि या घरातल्या बायका तिच्यावर स्वयंपाक करत होत्या. मी जयपूरच्या जंतरमंतरला नाडीवलय यंत्र हे सूर्यघड्याळ बघितलंय, सहा महिने उत्तरेच्या अंगावर ऊन आणि सहा महिने दक्षिणेच्या. सवाई जयसिंगांचं काम, त्याला तोड नाही. पण तिथं तिकीट काढून बघितलं होतं. इथं एक बाई पिठाचे हात झाडत मला माझाच विषय शिकवत होती.

१२.१७, १२.१८. आता सगळे दोन्हीकडं बघत होते, बांबूच्या टोकाकडं आणि पागोळीच्या खळग्यांकडं. घटिकापात्रवाला मुलगाही आपलं घंगाळ सोडून आला. सावलीची कड पहिल्या खळग्यांना लागेल न लागेल एवढ्यात, १२.२१ ला, ढग आला.

सप्टेंबरचा ढग, जाडजूड, काठाला पांढरा. चौक एकदम विझला. सावली नाही, टोक नाही, काही नाही. पोलीस मान वर करून म्हणाला, "पाच मिन्टांत जाईल." आम्ही उभे. वरून माडीवर कुणीतरी आभार मानत होतं ते ऐकू येत होतं. १२.२४. ढगाची कड सूर्याच्या जवळ आली आणि तिथंच रेंगाळली. १२.२६ झाले. मी हातातल्या घड्याळाकडं बघत होते, उगाच, जणू माझ्या बघण्यानं ढग हलणार होता.

आजींनी पदराला हात पुसले. "झाली येळ. चला, जेवायला वाढतो."

"आजी, दिसली कुठं? ढग आहे की."

"ढग आला म्हून डबा र्‍हातोय व्हय?"

१२.३१ ला ऊन पुन्हा पडलं. छपराची सावली पट्टीवर उरलीच नव्हती, खळगे लख्ख उन्हात होते. कड कधी पार झाली ते कुणीच पाहिलं नाही. बांबूचं टोकही पूर्वेला निघालं होतं. पोरीनं ठिपका दिला. आधीच्या ठिपक्यापासून या ठिपक्यापर्यंत मधे वितीच्या आतलीच, पण स्पष्ट मोकळी जागा.

संयोजक खाली आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "अगं, पट्टी लावून मधले भर की. रेघ सरळच आहे, कुणाला कळणार आहे?"

"ढगाची जागा तशीच ठेवतो," ती म्हणाली. "मी बघितलंच न्हाई तर कशाला काढू?"

दुपारी अडीचला चौकातलं ऊन संपलं तेव्हा सहा फुटांची सरळ रेघ तयार झाली होती. दोन-तीन ठिकाणी तुटलेली, सर्वांत ठळक तूट नेमकी माध्यान्हीला. माझ्या मते सगळ्या प्रदर्शनात संपाताबद्दल खरं बोलणारी तेवढी एक वस्तू होती. झेंडूचं फूल पश्चिमेला एकटंच पडलं होतं, ते आजींनी उचलून तुळशीत टाकलं.

जेवण उपासाचं. मी उपास करत नाही, कोल्हापुरात तर नाहीच नाही. पांढऱ्या रश्श्याच्या आशेनं आलेल्या माणसापुढं वरीचा भात आणि दाण्याची आमटी आली. आमटी उत्तम होती, हे कबूल.

संध्याकाळी अंबाबाईला गेले. रांग बघून मुखदर्शनावर भागवलं, तेही कुणाच्या तरी खांद्यावरून. ढकलाढकलीचं वर्णन करत नाही, नवरात्रात ज्यानं त्यानं आपापलं भोगावं. पण महाद्वारात पाठीला पश्चिम घेऊन उभी असताना डोक्यातला भूगोल काही थांबेना. देवी पश्चिमाभिमुख आहे, म्हणून किरणोत्सव होतो. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी, या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुडमंडपातून थेट गाभाऱ्यात शिरतात, पहिल्या दिवशी पायांशी, मग वर सरकत. हे दोन काळ २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. सूर्य दक्षिणेकडं जाताना एकदा त्या दाराच्या रेषेत येतो आणि परत फिरताना पुन्हा एकदा. ज्यानं कुणी देवळाची दिशा धरली त्याला ही ये-जा ठाऊक असणार. आता वाटेत इमारती उभ्या राहिल्यात, कधी ढग, कधी धूळ, आणि किरण गुडघ्यापर्यंतच पोचले तर दुसऱ्या दिवशी पेपरात अडथळ्यांची बातमी. मला तर ती बातमी वाचायला आवडते. ज्या गावात सूर्याचा किरण कुठवर पोचला यावर चहाच्या टपरीवर वाद होतो, त्या गावातल्या पोरांनी काटे नसलेली घड्याळं का लावावीत? चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाकाठी राहून पाण्यावरचा उजेड रंगवत बसले, सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला. उजेडाकडं नीट बघायची इथं जुनी सवय आहे.

रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायले. म्हैस समोर, फेस ओठांवर. ११.४९ ला मी गाढ झोपलेले होते.

दुसऱ्या दिवशी खिद्रापूर. एसटीनं, बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळं निम्म्या पैशांत, कुरुंदवाडला गाडी बदलून. साठेक किलोमीटरला सकाळ गेली. कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, आणि त्याच्या पुढ्यातला स्वर्गमंडप म्हणजे ४८ खांबांचा गोलाकार मंडप, ज्याच्या छताला मधोमध मोठं गोल भोक सोडलेलं आहे. खाली त्याच मापाची गोल शिळा. उजेडाचा एक तुकडा खांबांवरून अगदी हळू सरकतो, आणि बघत बसलं तर हळू वाटत नाही. तिथं माहितीचा फलक वाचायला मी उठलेच नाही.

एक गावकरी काका शेजारी येऊन बसले. "त्रिपुरी पौर्णिमेला या. चंद्र बरोब्बर ह्या भोकाच्या मध्यावर येतो."

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. कार्तिकी पौर्णिमा या वर्षीसारखी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आली की सूर्य विषुववृत्ताच्या सोळा-सतरा अंश दक्षिणेला असतो. मग चंद्र तितकाच उत्तरेला. आणि खिद्रापूर कुठं आहे? १६.६ अंश उत्तरेला! म्हणून तो चंद्र इथं माथ्यावर येतो. आणि अंबाबाईच्या पायाशी किरण येतात ते याच दिवसांत, ९ नोव्हेंबरला, सूर्य तेवढाच सतरा अंश दक्षिणेला असताना. एका देवळात त्या दिवसांतला सूर्य समोरच्या दारातून येतो, दुसऱ्यात त्याच्या समोरचा चंद्र छतातून. आधी ठरवून केलं असेल का, याचा मी दावा करत नाही. पण मी बाकावर बसल्या बसल्या टाळी दिली आणि काका दचकले.

मी त्यांना सांगितलं, चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली असते, त्यामुळे एखाद्या वर्षी तो मध्यापासून जरा उत्तरेला सरकेल, एखाद्या वर्षी दक्षिणेला. दर वर्षी 'बरोब्बर' येणार नाही.

काकांना हे अजिबात आवडलं नाही. "तुम्ही बघितलाय का?"

"नाही."

"मग? मी ल्हानपनापास्नं बघतोय."

यावर काय बोलणार. त्यांनी पुढची माहितीही दिली की त्या रात्री इथं हजारो माणसं असतात, गोल शिळेजवळ जागा मिळायची तर दिवेलागणीलाच येऊन बसावं लागतं, आणि चंद्र माथ्यावर येतो बाराच्या पुढं. (१२.१७ च्या सुमारास, हे मी मनात मोजलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढं असतो.)

या वर्षी, २०२५ मध्ये, त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला आहे आणि किरणोत्सव ९ ला सुरू होतो. पोरगी म्हणते, बाई, आठवडाभर राहावाच. मुलगा म्हणतो, आई, वय काय, आणि मध्यरात्री कुठल्या नदीकाठी जाऊन बसणार. कुरुंदवाडच्या स्टँडवर कंडक्टरला विचारलं, पौर्णिमेला रात्री परतायला गाडी असते का? तो म्हणाला, "रात्री बाराला एसटी? चंद्राला विचारा." तेव्हा वाचकांपैकी कुणाची गाडी त्या रात्री कोल्हापूरहून खिद्रापूरला जाणार असेल तर कळवा. पेट्रोलचे पैसे देईन, भूगोल फुकट.